चिकन नूडल सूप, पण ग्लुटेनशिवाय: सगळ्या घराला एकाच भांड्यातून कसं वाढायचं?

घरात कुणी आजारी पडलं की जगभरातले लोक साधारण एकच गोष्ट करतात. कोंबडी पाण्यात टाकून मंद आचेवर शिजू देतात आणि त्या गरम रश्श्यात काहीतरी मऊ, लांब, गिळायला सोपं घालतात. अमेरिकेत त्याला चिकन नूडल सूप म्हणतात, व्हिएतनाममध्ये फो गा, इंडोनेशियात सोटो आयाम. आपल्याकडे पावसाळी संध्याकाळी हेच काम कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचं मंचाव सूप करतं.

आता समजा, घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला सीलिॲक आजार असल्याचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, आजपासून गहू, मैदा, रवा बंद. तेही आयुष्यभरासाठी. बहुतेक घरांत पुढचे काही दिवस एकच चित्र दिसतं. सगळ्यांसाठी नूडल्स होतात आणि तिच्यासाठी बाजूला छोट्या पातेल्यात भात. तिचं पोट भरतं, पण जो पदार्थ मायेनं करायचा, त्याच पदार्थात ती एकटी पडते.

दुसरी अडचण अशी की ते छोटं पातेलंही अनेकदा सुरक्षित नसतं. मोठ्या कढईतला डाव त्यात फिरतो, फोडणीत हिंग पडतो, वरून सोया सॉस जातो. या तिन्ही वाटांनी गहू तिच्या ताटात पोहोचू शकतो.

म्हणून या लेखात दोन गोष्टी पाहू. चिकन नूडलच्या भांड्यात गहू नेमका कुठून शिरतो, आणि सगळ्या घराला एकाच भांड्यातून, तीच चव देणारं जेवण कसं करायचं.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

ग्लुटेन म्हणजे गव्हातली काही प्रथिनं. कणकेत पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि पिठात चिवट जाळं तयार होतं. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, नूडल ओढली तरी तुटत नाही, हे सगळं या जाळ्यामुळे. जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिनं असतात.

सीलिॲक आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या गडबडीत स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावरचे अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणं ही झाली ओळखीची लक्षणं. काहींना मात्र पोटाचा त्रासच नसतो. फक्त हिमोग्लोबिन वाढत नाही, मुलाची उंची अडते, हाडं ठिसूळ होतात. उत्तर भारतात, जिथे रोजचं जेवण गव्हावर चालतं, तिथे साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कळायला बराच काळ लागला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवून बरं करण्याची पद्धत मांडली. मुलं सुधारायची, म्हणून श्रेय केळ्यांना मिळालं. खरं कारण वेगळं होतं. केळी खाताना मुलांचा पाव बंद झालेला असायचा. पुढे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हावर संशय आला. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळात या आजाराच्या मुलांची प्रकृती सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध लिहिला. आज जे पथ्य सांगितलं जातं, त्याचा पाया तिथे आहे.

थोडंसं चालतं का?

घरातल्या मोठ्यांचा हा हमखास प्रश्न. "एवढ्याशानं काय होतंय?"

उत्तर आकड्यांत पाहू. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिॲक रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं गेलं. तेवढ्यानंही आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे २,५०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग रोज पोटात गेला तरी तो जास्त ठरतो. लाटण्याला चिकटलेलं पीठ, चाळणीत अडकलेला नूडलचा तुकडा, यांचा हिशेब इथे लागतो.

लक्षण दिसलं नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असंही नसतं. मुलगी हसतखेळत असते आणि आत अस्तर झिजत असतं.

आधी तपासणी, मग पथ्य

इथे एक चूक फार होते. कुठेतरी वाचून लोक स्वतःच गहू बंद करतात, बरं वाटलं की तपासणीला जातात, आणि मग अहवाल स्वच्छ येतो. कारण सीलिॲकची रक्ततपासणी ग्लुटेनमुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं शोधते. गहू सुटला की ती हळूहळू कमी होतात. म्हणून निदान पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका. रक्ततपासणीनंतर गरज असेल तर दुर्बिणीतून आतड्याचा छोटा नमुना घेतात.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात जव कदाचित चालेल, सीलिॲकमध्ये चालत नाही. आणि घरात एकाला सीलिॲक निघाला तर भावंडं आणि आईवडील यांनाही तो असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. त्यांचीही तपासणी करून घ्यावी.

भांड्यात गहू कुठून शिरतो?

चिकनमध्ये ग्लुटेन नसतं. पाणी, भाज्या, आलं, लसूण, मिरी यांतही नसतं. तरी चिकन नूडलच्या एका भांड्यात गहू अनेक वाटांनी येतो.

नूडल्स: हक्का नूडल्स, इन्स्टंट नूडल्स, साध्या शेवया, पास्ता, अमेरिकन एग नूडल्स हे सगळं गव्हाचं. "एग" लिहिलंय म्हणून फसू नका, त्यात अंडं असतं आणि मैदाही असतो. सगळ्यात मोठा सापळा नाचणीच्या किंवा "मिलेट" नूडल्सचा. पाकिटावर पुढे नाचणीचं चित्र असतं आणि मागे घटकांच्या यादीत अनेकदा गव्हाचं पीठ. नाचणीच्या शेवयांचंही तेच. मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका.

सोया सॉस: हा सोयाबीनचा, म्हणून चालेल असं वाटतं. पण पारंपरिक पद्धतीत सोयाबीनसोबत गहू आंबवला जातो. तामारी नावाच्या जपानी सॉसमध्ये गहू नसतो किंवा अगदी कमी असतो, तरी लेबल पाहावंच लागतं. ऑयस्टर सॉस आणि होईसिन सॉसमध्येही अनेकदा गहू असतो.

हिंग: आपल्याकडे बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग फार उग्र, म्हणून तो पिठात मिसळून विकतात. ते पीठ बऱ्याच वेळा गव्हाचं असतं, काही वेळा तांदळाचं. डबीवर लिहिलेलं असतं, फक्त आपण कधी वाचलेलं नसतं.

चिकन क्यूब आणि सूपची पाकिटं: घट्टपणासाठी मैदा आणि चवीसाठी गव्हापासून काढलेली प्रथिनं यात असू शकतात.

दाटपणा: क्रीमच्या सूपमध्ये आणि पांढऱ्या सॉसमध्ये लोणी आणि मैदा भाजून घालतात.

वरचा कुरकुरीतपणा: मंचाववरच्या तळलेल्या नूडल्स मैद्याच्या असतात, कॅसरोलवरचा चुरा पावाचा असतो. पावाऐवजी कॉर्नफ्लेक्स चालतील असं वाटतं, पण अनेक कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचं माल्ट असतं.

खपली गहू: "आमच्या आजीच्या काळचा गहू, यात ग्लुटेन नसतं," असं सांगून खपली विकला जातो. हे चूक आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतंच. काहींना तो पचायला हलका वाटत असेल, पण सीलिॲक रुग्णासाठी तो अजिबात सुरक्षित नाही. सातूच्या पिठाचंही तसंच, त्यात गहू किंवा जव असतो.

गव्हाशिवाय नूडल जुळते कशी?

तांदळात ग्लुटेन नाही, म्हणजे चिवट जाळं नाही. मग तांदळाची नूडल तुटत का नाही? याचं उत्तर आपल्याकडे गणपतीत मोदक वळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: उकड. तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं तर भुगा होतो. तेच उकळत्या पाण्यात घातलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधून ठेवतो. म्हणूनच मोदकाची पारी वळता येते. तांदळाच्या नूडल्समध्येही जे काम गव्हाच्या प्रथिनांनी केलं असतं, ते शिजलेला स्टार्च करतो.

म्हणून अशा नूडल्सचे नियमही वेगळे आहेत. गव्हाची नूडल थोडी जास्त शिजली तरी टिकते. तांदळाची रश्श्यात पडून राहिली तर पाणी पीत राहते आणि अर्ध्या तासात तिचा लगदा होतो. उपाय सोपा आहे. रस्सा आणि नूडल कधीही एकत्र साठवू नका. नूडल वेगळी भिजवा, वाडग्यात ठेवा, वरून उकळता रस्सा ओता.

पर्याय कोणते?

तांदळाच्या नूडल्स: बारीक शेवयांसारख्या किंवा चपट्या, दोन्ही मिळतात. बारीक असतील तर गरम पाण्यात ३ ते ५ मिनिटं, चपट्या असतील तर १० ते १५ मिनिटं. मधोमध किंचित कडक असतानाच काढा आणि गार पाण्यातून घ्या.

ग्लास नूडल्स: मुगाच्या स्टार्चच्या, शिजल्यावर पारदर्शक. रश्श्यात तांदळापेक्षा जास्त वेळ टिकतात. कोरियात याच रूपाच्या नूडल्स रताळ्याच्या स्टार्चपासून करतात.

सोबा: ही जपानी नूडल कुट्टूची असते. कुट्टूचं इंग्रजी नाव बकव्हीट, पण त्याचा गव्हाशी संबंध नाही. तरी बाजारातल्या बहुतेक सोबात बांधणीसाठी गहू मिसळलेला असतो. फक्त शंभर टक्के कुट्टूची, तीही ग्लुटेन-फ्री लिहिलेली घ्या.

मका आणि तांदळाचा पास्ता: कॅसरोलसाठी हा बरा. भरपूर पाण्यात उकळा आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढा.

अंड्याच्या नूडल्स: या घरीच होतात. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणात साध्या गव्हाच्या नूडल्स चालत नाहीत. तेव्हा पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत अंडं आणि बटाट्याचं स्टार्च फेटून पातळ धिरडी काढतात, गुंडाळी करून बारीक कापतात आणि चिकनच्या सूपमध्ये घालतात. ३ अंडी, २ मोठे चमचे बटाट्याचं स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर, ३ मोठे चमचे पाणी आणि चिमूटभर मीठ, एवढंच लागतं. अमेरिकन एग नूडल्सच्या चवीच्या सगळ्यात जवळ जाणारा पर्याय हाच.

शिरवाळे: कोकणात तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडतात. मालवणकडे त्या नारळाच्या गोड रसासोबत खातात. पण याच शेवया कोंबडीच्या रश्श्यात घालायला कुणाची हरकत आहे? कर्नाटकातल्या कोडगूमध्ये तांदळाच्या शेवयांचं नूलपुट्टू आणि कोंबडीचं कालवण ही नेहमीचीच जोडी आहे. केरळात इडियप्पम आणि चिकन स्ट्यू. म्हणजे ग्लुटेन नसलेलं चिकन नूडल आपल्या किनारपट्टीवर आधीपासून आहे, फक्त त्याला कुणी ते नाव दिलेलं नाही.

मूळ रस्सा: एकदा करा, अनेक पदार्थांत वापरा

चार जणांसाठी हाडासकट ७५० ग्रॅम चिकन घ्या. त्यात २ लिटर गार पाणी, एक कांदा, दोन गाजरं, आल्याचा तुकडा, लसणाच्या चार पाकळ्या, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र आणि कोथिंबिरीच्या काड्या घाला. उकळी आली की वर आलेला फेस काढून टाका आणि आच अगदी मंद करा. खळखळ उकळलं तर रस्सा गढूळ होतो. ४० ते ४५ मिनिटांनी चिकन बाहेर काढून मांस सोडवा, हाडं परत भांड्यात टाका, आणखी अर्धा तास ठेवा, मग गाळा. मीठ शेवटी घाला. क्यूबची गरज पडत नाही.

आता याच रश्श्याचे सहा अवतार पाहू.

साधं चिकन नूडल सूप: गाजराचे काप, सेलरी मिळाली तर सेलरी, सोडवलेलं चिकन आणि वर सांगितलेल्या अंड्याच्या नूडल्स. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीनं १९३४ मध्ये डबाबंद चिकन नूडल सूप आणलं आणि ते तिथल्या घराघरात पोहोचलं. त्या डब्याची चव आठवणाऱ्या परदेशातल्या मराठी घरांना हे ओळखीचं वाटेल. अंड्याच्या नूडल्स मात्र अगदी वाढताना घाला.

फो गा: व्हिएतनामचा फो मुळातच तांदळाच्या नूडल्सचा. रश्श्यात चक्रीफूल, दालचिनी, थोडे धणे आणि थेट आचेवर भाजलेले कांदा-आलं घाला. वाढताना मोड आलेले मूग, कोथिंबीर, मिरची, लिंबू. फिश सॉस सहसा मासे आणि मिठाचा असतो, तरी लेबल पाहा. टेबलावरच्या होईसिन सॉसपासून दूर राहा.

सोटो आयाम: इंडोनेशियाचं हे पिवळं चिकन सूप मराठी स्वयंपाकघराला सगळ्यात सोपं. हळद, आलं, लसूण, धणे वाटून तेलात परतायचे, त्यात गवती चहाची ठेचलेली काडी आणि रस्सा. खाली तांदळाच्या बारीक शेवया, वर चिकन, उकडलेलं अंडं, मोड आलेले मूग आणि लिंबू. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या भाजीवाल्याकडे किंवा कुंडीत आहे.

ब्रह्मी खाऊ स्वे: मुंबईतल्या हॉटेलांत मिळणारं हे नारळाचं चिकन मूळ म्यानमारचं. तिकडे नूडल गव्हाची असते, ती बदला. रश्श्याचा दाटपणा मात्र बेसनाचा असतो. पिठलं आणि कढी करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. एक लिटर रश्श्याला चार मोठे चमचे भाजलेलं बेसन आणि ४०० मिलिलिटर नारळाचं दूध. वरून तळलेला कांदा, लसूण, शेंगदाणे, लिंबू.

मंचाव आणि हक्का: मंचावचा दाटपणा कॉर्नफ्लोअरचा, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न सोया सॉस आणि वरच्या नूडल्सचा. ग्लुटेन-फ्री लिहिलेला सोया सॉस किंवा तामारी वापरा. नाही मिळाला तर वाळवलेली मशरूम भिजवलेलं पाणी, मीठ, व्हिनेगर आणि मिरपूड यांनी बरीच चव साधते. व्हिनेगर माल्टचं नसावं. वरच्या कुरकुरीत नूडल्ससाठी तांदळाच्या बारीक शेवया कोरड्याच कडक तेलात टाका, काही सेकंदांत कुरडईसारख्या फुलतात. तेल मात्र ताजं हवं, सामोसे किंवा पुऱ्या तळलेलं नको.

चिकन नूडल कॅसरोल: दोन कप दूध आणि रस्सा मिळून सॉस करायचा असेल तर चार मोठे चमचे मैद्याऐवजी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पुरतं. ते गार दुधात कालवून मग गरम सॉसमध्ये घाला, थेट टाकलं तर गुठळ्या होतात. वर पावाच्या चुऱ्याऐवजी तुपात परतलेले, चुरडलेले पातळ पोहे किंवा साधे खारे बटाटा वेफर्स. दाटपणासाठी तांदळाचं, शिंगाड्याचं किंवा राजगिऱ्याचं पीठही चालतं. उपवासाचा डबा चिकनच्या कामी येतो, हे आजीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा!

खरी लढाई कट्ट्यावर

पदार्थ बदलणं हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे एकाच घरात पोळ्याही होतात आणि ग्लुटेन-फ्री जेवणही.

पहिला प्रश्न गिरणीचा. तुम्ही तांदूळ किंवा ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून गिरणीत देता. त्याआधी त्याच जात्यातून कुणाचे तरी पाच किलो गहू गेलेले असतात. तुमच्या पिठात ते उतरतात. त्यामुळे "आम्ही तिला फक्त ज्वारीची भाकरी देतो" असं म्हणणाऱ्या घरातही अहवाल सुधारत नाही, असं होऊ शकतं. उपाय दोन: घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, किंवा ग्लुटेन-फ्री लेबल असलेलं बंद पाकिटातलं पीठ घ्या.

दुसरा प्रश्न भांड्यांचा. पोळपाट, लाटणं, लाकडी डाव, नूडल निथळायची चाळणी, पिठाची चाळण, सोऱ्या या वस्तूंच्या भेगांत आणि छिद्रांत पीठ अडकतं. या वेगळ्या घ्या आणि वेगळ्या रंगाच्या घ्या, म्हणजे पाहुण्यांनाही कळतं. स्टीलची पातेली नीट घासली तर चालतात. कढईत एक डाव दोन पदार्थांत फिरवू नका. लोणी, जॅम, तूप यांच्या बरण्यांत पोळीचा तुकडा बुडतो, म्हणून तिची बरणी वेगळी.

तिसरा प्रश्न वेळेचा. कोरडं पीठ हवेत उडतं. त्यामुळे आधी ग्लुटेन-फ्री स्वयंपाक उरका, झाकून ठेवा, मग कणीक मळा.

हे सगळं वाचून दमायला होतं, हे खरं. पण म्हणूनच एका भांड्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. संध्याकाळच्या जेवणात सगळ्यांनाच तांदळाच्या नूडलचं सूप असेल, तर दोन डाव, दोन चाळण्या, दोन कढया सांभाळायची वेळच येत नाही. वेगळं शिजवण्यात श्रम जास्त आणि चुकाही जास्त. ज्यांना पोळी हवी, त्यांनी ती सकाळच्या डब्यात खावी.

लेबल कसं वाचायचं?

भारतात अन्नसुरक्षा आणि मानक प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. "लो ग्लुटेन" ही वेगळी वर्गवारी आहे, तिची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. ती सीलिॲक रुग्णासाठी नाही. "व्हीट-फ्री" म्हणजे फक्त गहू नाही, जव असू शकतो.

घटकांच्या यादीत गहू, मैदा, रवा, जव, माल्ट, राय हे शब्द शोधा. शेवटी ॲलर्जीची सूचना असते, तीही वाचा. ओट्समध्ये मुळात गहू नसतो, पण शेतात आणि कारखान्यात तो मिसळतो, आणि काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. ते डॉक्टरांना विचारूनच. आणि ओळखीच्या पाकिटाचंही लेबल प्रत्येक खरेदीला पुन्हा पाहा, कंपन्या घटक बदलतात.

हॉटेलात "ग्लुटेन आहे का?" असं विचारलं तर अनेकदा मान हलते, उत्तर मिळत नाही. त्याऐवजी "यात सोया सॉस आहे का? मैदा लावून तळता का? नूडल्स उकळलेलं पाणी तेच वापरता का?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. चायनीजच्या गाडीवर मात्र एकाच कढईत सगळं होतं, तिथे धोका पत्करू नका.

फक्त तांदूळ नको

गहू गेला की घरात तांदूळ, कॉर्नफ्लोअर आणि बटाटा वाढतो. त्यातून पोट भरतं, पण तंतू, लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. आधीच झिजलेल्या आतड्याला ती जास्त लागतात. म्हणून सूपमध्ये पालक, गाजर, मटार, मोड आलेली कडधान्यं घाला. इतर जेवणांत ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणा. ही धान्यं मुळात ग्लुटेनमुक्त आहेत, फक्त त्यांचं पीठ गव्हापासून लांब दळलेलं हवं. आहारतज्ज्ञाला एकदा भेटणं आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करणं टाळू नका.

आणि त्या चिकन सूपनं सर्दीला खरंच आराम पडतो का? २००० साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी घरगुती चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं. दाहाशी संबंधित पांढऱ्या पेशींची हालचाल त्यामुळे काहीशी मंदावलेली दिसली. तो प्रयोग माणसांवर नव्हता, त्यामुळे औषध म्हणून दावा करता येत नाही. पण तापात गरम, खारट, प्रथिनं असलेलं पातळ अन्न सहज पोटात जातं, एवढं तर कुठल्याही आईला माहीत असतं.

सुरुवात कुठून करायची?

एकदम सगळं स्वयंपाकघर बदलू नका. आज हिंगाची डबी आणि सोया सॉसची बाटली उलटून वाचा. उद्या वेगळ्या रंगाची एक चाळणी आणि एक डाव आणा. रविवारी मोठं भांडं भरून रस्सा करा, तांदळाच्या शेवया भिजवा आणि सगळ्यांना एकाच भांड्यातून वाढा. त्या आठ वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कुणी "हे तुझं वेगळं" म्हणणार नाही.